एक नग चहाची गाळणी

पत्रकार परिषदेत चहा आला की आमचे दामूभाऊ पिशवीतून स्वतःचा थर्मास काढतात. वाशिममधली कुठलीही पत्रकार परिषद घ्या. टेबलावर यजमानांचा चहा, दोन कचोऱ्या, एक डायरी, एक पेन आणि हे सगळं घरी न्यायला एक पिशवी, असा थाट असतो. दामूभाऊ तो सगळा थाट दोन बोटांनी शेजारच्याकडे सरकवतात. शेजारी बहुतेक वेळा मीच असतो, मुद्दाम बसलेला. मग ते थर्मासच्या झाकणात घरचा चहा ओततात, खिशातलं स्वतःचं पेन काढतात आणि म्हणतात, "हं, सांगा सायेब." पाणीसुद्धा घरचं. खुर्ची तेवढी यजमानांची वापरावी लागते. तिच्याबद्दलही त्यांच्या मनात काहीतरी असावं, कारण ते नेहमी खुर्चीच्या कडेवर बसतात.

दामूभाऊ म्हणजे दामोदर वानखडे, मूळ इंझोरीचे, आमच्या दैनिकाचे वाशिमचे जिल्हा प्रतिनिधी. त्याच कार्यालयात मी जाहिराती बघतो. कार्यालय म्हणजे बसस्थानकाजवळच्या एका गाळ्याच्या माडीवर दोन टेबलं आणि एक पंखा. मी मानोऱ्याचा, आणि वृत्तीनं घेणारा. माझ्या घरी चार भिंतींवर चार घड्याळं आहेत. एक पतसंस्थेचं, एक दवाखान्याचं, एक बियाणेवाल्यांचं आणि एक कुणाच्या तरी पंचाहत्तरीचं. चारही वेगवेगळी वेळ दाखवतात. माझी बायको मंदा भाजी आणते ती कुठल्यातरी उद्घाटनाच्या पिशवीतून. यामुळे मला कुणी विकत घेतलं, असं मला कधी वाटलं नाही. कुणी तशी चौकशीच केली नाही.

दामूभाऊंचा लाडका शब्द म्हणजे "कायले?" पेढा पुढे केला, कायले? गाडीत बसा म्हटलं, कायले? शाल अंगावर घालायला कुणी पुढं आलं की दामूभाऊ दोन पावलं मागं. एकदा एका सत्कारात मागं सरकता सरकता ते व्यासपीठावरून खाली गेले होते. पडल्या पडल्या त्यांनी पहिला शब्द काढला तो हाच.

हे सगळं आधीपासून थोडं थोडं होतंच, पण त्याला धार आली ती अकरा वर्षांपूर्वी, मुख्य कार्यालयानं भेटवस्तूंचं धोरण काढलं तेव्हा. त्यासाठी सगळ्या जिल्ह्यांच्या प्रतिनिधींना आणि आम्हा जाहिरातवाल्यांना नागपुरात एका मोठ्या हॉटेलात बोलावलं होतं. धोरणाची दोन पानं आम्हाला एका झकास फोल्डरमध्ये घालून दिली. फोल्डरवर एका सिमेंट कंपनीचं नाव होतं, जेवणही त्यांचंच होतं. भेटवस्तू का घेऊ नयेत, यावर दोन तास व्याख्यान झालं आणि जाताना प्रत्येकाला एक छत्री मिळाली. दामूभाऊंनी फोल्डरमधून दोन पानं काढून घेतली, फोल्डर आणि छत्री व्याख्यात्याच्या हातात दिली आणि "तुमची राह्यली" म्हणाले. त्या माणसाला ती गंमत वाटली. आम्हालाही वाटली. बाहेर पाऊस होता, दामूभाऊ भिजत स्टेशनवर आले.

ती दोन पानं आमच्या अख्ख्या कंपनीत फक्त दामूभाऊंनी वाचली, अशी माझी खात्री आहे. त्यात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने अथवा त्याच्या कुटुंबीयांनी बातमीशी संबंधित व्यक्ती वा आस्थापनेकडून भेटवस्तू किंवा पाहुणचार घेऊ नये. नाममात्र मूल्याच्या वस्तूंबाबत स्वविवेकाने ठरवावे. दामूभाऊंनी मुख्य कार्यालयात फोन लावला.

"नाममात्र म्हंजे कुठवर? एक पेढा नाममात्र हाय का पेढ्याचा पुडा?"

पलीकडची मुलगी बिचारी नवीन होती. म्हणाली, "सर, ते तुमच्या विवेकावर आहे."

असं दामूभाऊंना सांगायला नको होतं. त्यांचा विवेक फार कडक आहे. त्यांनी विचार केला की वाशिम केवढं? इथं आज जो शेजारी आहे तो उद्या नगरसेवक होतो, परवा त्याच्यावर चौकशी बसते. म्हणजे बातमीशी संबंध नाही असा माणूस या गावात जन्मलेलाच नाही. सबब कुणाचंच काही घ्यायचं नाही. त्यांनी ती दोन पानं लॅमिनेट करून टेबलामागं लावली.

कंपनीचं दुसरं धोरण कुठं लिहिलेलं नव्हतं, पण ते मला तोंडपाठ होतं. दिवाळी आली की मुख्य कार्यालयातून फोन यायचा, अमक्याचं अख्खं पान आलं पाहिजे, तमक्याच्या वाढदिवसाची पुरवणी झाली पाहिजे. बातमीदारानं ज्याचा पेढा खायचा नाही, त्याचा अर्ध्या पानाचा फोटो आणायला मी जायचो. दोघंही एकाच जिन्यानं खाली उतरायचो.

दामूभाऊंच्या या व्रताचे फायदेही झाले, ते नाकारता येत नाही. एका पुलाच्या उद्घाटनाला सगळ्या पत्रकारांना ठेकेदाराच्या गार गाडीतून नेलं. दामूभाऊ एसटीनं निघाले. ते पोचले तेव्हा फीत कापून मंडळी जेवायला गेलेली, पुलावर तीन म्हातारे बसलेले. दामूभाऊ त्यांच्याजवळ बसले, थर्मासमधला चहा त्यांना दिला. दुसऱ्या दिवशी बाकी सगळ्या पेपरांत पुलाची लांबी होती, आणि त्यांच्या बातमीत पुलाच्या पलीकडं रस्ताच नाही ही गोष्ट होती.

एकदा तर एका मोठ्या साहेबांना त्यांनी अडचणीत आणलं. बैठक लांबली, सगळ्यांना समोसे आले, दामूभाऊंनी डबा उघडला. ज्वारीची भाकर आणि ठेचा. साहेब भाकरीच्याच मुलखातले, घरापासून लांब आलेले. त्यांना राहवलं नाही. त्यांनी चतकोर भाकर मागून घेतली आणि डोळे मिटून खाल्ली. दामूभाऊ त्यांच्याकडे काळजीनं बघत होते.

"सायेब," ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडं असं काई धोरन नाई ना?"

आतापर्यंत हसायला सोपं होतं. पण धोरणात "कुटुंबीय" असाही एक शब्द होता, आणि दामूभाऊंच्या कुटुंबात मुलगी लग्न होऊन गेल्यावर सुशीलावहिनी एकट्याच उरल्या होत्या.

आमच्या कॉलनीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायकांची हळदीकुंकवांची धांदल असते. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. जाणाऱ्या बाईला घरची बाई हळदीकुंकू लावते, तिळगूळ देते आणि वाण म्हणून एखादी वस्तू देते. डबी, चमचा, साबणाची वडी, असं काहीही. ते वाण नाकारत नाहीत. वहिनींनी धोरण आल्यापासून हळदीकुंकवांना जाणंच सोडलं. कुणी बोलावलं की म्हणायच्या, गुडघे दुखतात. पुढं बायकांनी आग्रह सोडला. दामूभाऊंना यातलं काही दिसलं नाही. त्यांना वाटायचं, घरात शांतता आहे.

मागच्या वर्षी मंदानं वहिनींना जवळजवळ ओढत नेलं, ते कांताबाई देशमुखांकडे. या कांताबाई म्हणजे गावाबाहेरच्या तेलमिलच्या मालकीणबाई आणि आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या न निवडलेल्या अध्यक्ष. त्या वर्षी त्यांनी वाण दिलं होतं चहाची गाळणी. वहिनी खुशीत घरी आल्या. दामूभाऊ दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी परतले, चहा पिता पिता त्यांची नजर नव्या गाळणीवर गेली.

पुढची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली, कारण पत्र आमच्याच कार्यालयात टाइप झालं. "आपल्या आस्थापनेकडून आमच्या कुटुंबीयांस प्राप्त झालेली एक नग चहाची गाळणी आमच्या धोरणानुसार सादर परत करीत आहोत. एक वेळ वापर झाल्याबद्दल दिलगीर आहोत." गाळणी घासून, पुसून, कागदात गुंडाळून त्यांनी मिलच्या फाटकावर नेऊन दिली आणि चौकीदाराकडून पोच घेतली. चौकीदारानं ती मॅनेजरला दिली, मॅनेजरनं मालकाला. देशमुखांच्या टेबलावर चार व्यापाऱ्यांसमोर ती गाळणी आणि ते पत्र उघडलं गेलं.

घरी वहिनींनी एवढंच विचारलं म्हणे, "आता चहा कायनं गाळू?"

सवाष्णीनं दिलेलं वाण कुणी परत करतं का? असं आमच्याकडं कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यात आठ दिवसांनी देशमुखांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले गॅस आहे. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, गाळणी आहे. त्या दिवसापासून सुशीलावहिनींना कुणी बोलावलं नाही. समोरासमोर भेटल्या तर बायका भाजीचे भाव विचारायच्या आणि पुढं जायच्या. मंदा जायची अधूनमधून, पण ती माझी बायको, तिला धरण्यात अर्थ नाही.

या संक्रांतीला दामूभाऊ दुपारी एक फाइल विसरली म्हणून घरी गेले. परत आले ते फाइल न घेताच. खुर्चीवर बसले, चक्क पूर्ण बसले.

"सुधाकर," ते म्हणाले, "ते तुयशीले वान देऊन राह्यली होती."

"कोन?"

"आमची. नवं लुगडं नेसून. तुयशीले हयदकुकू लावलं, पुढं चमचा ठेवला, अन् म्हने, येजा बाई पुढच्या साली. मी दारात उभा. तिनं पाह्यलंच नाई मले."

वाण घ्यायला वहिनींकडं अंगणातली तुळस तेवढी उरली होती. मला सगळं वर्षभर माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं, याची मला लाज वाटली. थट्टा करायला मी होतो, सांगायला नव्हतो.

"मले कांताबाईची माफी मांगा लागते," ते म्हणाले.

इथं खरी अडचण होती. दिवाळीपासून दामूभाऊ त्याच तेलमिलच्या मागं लागले होते. मिलचं घाण पाणी नाल्यात जात होतं, खालच्या वस्तीच्या विहिरींना वास मारत होता. बातमी तयार होती, फोटो होते. आणि मी गेली सहा वर्षं त्या मिलचं दिवाळीचं अख्खं पान आणत होतो.

मी व्यवहाराचं बोललो. "दामूभाऊ, आंधी माफी मांगून घ्या. हयदकुकू होऊ द्या. बातमी रथसप्तमीनंतर द्या ना. पानी काई पयून नाई जात."

"लोक पानी पिऊन राह्यले ते."

"मंग वहिनीकडं कोनी येनार नाई, पाहून घ्या."

त्यांनी टेबलामागच्या लॅमिनेट केलेल्या पानांकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "माफी आंधी अन् बातमी मंग, त लोक म्हनतीन दामू गेलता पाय धराले. बातमी आंधी."

बातमी गेली. मुख्य कार्यालयातून फोन आला, जरा सांभाळून घ्या. दामूभाऊंनी त्यांना त्यांचंच धोरण वाचून दाखवलं, पहिल्या कलमापासून. शेवटी बातमी छापली, पाचव्या पानावर, खाली, पण छापली. त्याच दिवशी दुपारी दामूभाऊ देशमुखांच्या घरी निघाले. मीही गेलो. माझा हेतू उदात्त नव्हता, मला माझं पान वाचवायचं होतं.

दार देशमुखांनीच उघडलं. हातात आमचाच पेपर. "सकायी बातमी छापता अन् दुपारी चहाले येता? हिंमत लय हाय तुमची!"

"बातमीची माफी नाई," दामूभाऊ म्हणाले. "थे खरी हाय. मी वानाची माफी मांगाले आलो. कांताबाईची."

देशमुखांनी पेपर खाली केला. आतून कांताबाई आल्या. पदराला हात पुसत दामूभाऊंकडं बघत उभ्या राहिल्या.

"मील याईची हाय," त्या नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या. "वान माह्यं होतं. मी सुशीलेले देल्लं होतं, तुमच्या पेपरले नाई. तुमी थे मीलवर नेऊन टाकलं. काहून? माह्यं काई नसते का?"

दामूभाऊंनी मान खाली घातली. "चुकलं," ते म्हणाले. "तुमाले मीलच समजलो मी."

"अन् सुशीलेले?"

 दामूभाऊंनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. मग म्हणाले, "शुक्रवारी आमच्याकडं हयदकुकू हाय. येजा."

कांताबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. देशमुखांनी दार लावलं. माझं पान गेलं ते गेलंच.

मग दामूभाऊंनी जे केलं ते आमच्या कॉलनीत कुणा पुरुषानं केलेलं नाही. ते दारोदार हळदीकुंकवाचं आमंत्रण देत फिरले. हातात कुंकवाचा करंडा, बगलेत पत्रकाराची पिशवी. दार उघडलं की म्हणायचे, "शुक्रवारी संध्याकायी येजा, आमच्या घरच्याईनं बलावलं." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि दारामागं पळायच्या. वहिनींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कोन येते आपल्याकडं? कायले घोर लावून घेता?" पण त्या रात्रीपासूनच वाणासाठी पिशव्या शिवायला बसल्या. इंझोरीच्या शेतातली नवी तूर घरी आली होती. तिची डाळ त्या छोट्या कापडी पिशव्यांत भरून द्यायची ठरली. वहिनी म्हणाल्या, दहा पुरतील. दामूभाऊंनी चाळीस भरल्या.

मध्येच त्यांना शंका आली. आमंत्रितांत एका नगरसेवकाची बायको होती. पत्रकारानं द्यावं का? धोरण घेण्याबद्दल होतं, देण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. त्यांनी पुन्हा मुख्य कार्यालयाला फोन केला. तिकडून सांगितलं की आम्ही पाहून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बायकांच्या घोळक्यात पुरुषांचं काम नाही म्हणून दामूभाऊ आणि मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहिलो. मंदा आत गेली होती. आणखी कुणी नव्हतं. थंडी होती. दामूभाऊ पेपर वाचायचं सोंग करत होते, पण अंधार पडत आला तरी पान उलटत नव्हते. अर्धा तास गेला. समोरच्या घरातली बाई नटून ओट्यावर आली, आमच्याकडं बघून परत आत गेली. दामूभाऊ म्हणाले, "चाळीस लयच झाल्या." मला त्यांच्याकडं बघवेना.

तेवढ्यात कॉलनीच्या टोकाकडून बांगड्यांचा आणि बोलण्याचा आवाज आला. कांताबाई पुढं, त्यांच्यामागं दहा-बारा बायका. त्या येताना दिसल्याबरोबर दोन्ही बाजूंची दारं उघडायला लागली, समोरची बाईही आली. कांताबाई फाटकाशी थांबल्या. दामूभाऊ हात जोडून मधोमध उभे.

"बाजूले व्हा ना, दामूभाऊ," त्या म्हणाल्या. "वाट अडवून राह्यले तुमी."

दामूभाऊ इतके घाईनं बाजूला झाले की शेजारच्या गाडीला धडकले.

आत गर्दी झाली. पहिल्यांदा कुजबुज होती, मग बोलणं वाढलं, मग कुणीतरी नाव घ्यायचा आग्रह सुरू केला. एक बाई नको नको म्हणत होती, बाकीच्या ऐकत नव्हत्या. मग एकदम ओरडा झाला, टाळ्या, आणि त्या सगळ्यांच्या वर एका बाईचं हसणं आलं. मोकळं, मोठं, मधेच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं.

दामूभाऊंनी मान वर केली. "हे कोन हासून राह्यलं?"

"वहिनी," मी म्हणालो.

"आमची?"

"तुमचीच."

ते फाटकाला हात लावून ऐकत राहिले. आत ते हसणं पुन्हा एकदा आलं.

"मले वाटे," ते म्हणाले, "तिले बायाईत बसनं आवडतच नाई. इतके वर्स मी तसंच धरून चाललो. तिनं कधी काई मांगतलंच नाई ना, सुधाकर."

आणि शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत ते तिथंच थंडीत उभे राहिले. घर त्यांचंच होतं, पण त्यांना आत जाववेना.